एकाच बोटीने गेलेले दोन समाज



आजचा विषय ऐकून काही जणांना वाटेल, हा माणूस आता कुठे निघाला! अमेरिकेत स्थायिक झालेले पोलिश आणि लिथुआनियन वंशाचे लोक आणि शंभर-सव्वाशे वर्षांत त्यांची झालेली आर्थिक वाटचाल. आपला काय संबंध? थोडा आहे, अगदी कोल्हापूरपर्यंत पोचणारा आहे, तो ओघात येईल. माझा मात्र या विषयात शिरकाव झाला तो लष्कराच्या दारातून.

१९१७ साली अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली आणि लाखो तरुणांची भरती सुरू झाली. रॉबर्ट यर्क्स नावाच्या मानसशास्त्रज्ञाने सैन्याला सांगितलं, या सगळ्यांची बुद्धी मोजून देतो. सुमारे साडेसतरा लाख जवानांची चाचणी झाली. इंग्रजी वाचता येणाऱ्यांसाठी 'अल्फा', न येणाऱ्यांसाठी चित्रांची 'बीटा'. अल्फातला एक प्रश्न असा: क्रिस्को हे काय आहे? औषध, जंतुनाशक, टूथपेस्ट की खाण्याचा पदार्थ? क्रिस्को म्हणजे अमेरिकन डालडा समजा. बीटामध्ये अर्धवट चित्रं होती, त्यांत काय राहिलंय ते काढून दाखवायचं. टेनिसच्या मैदानावर जाळी नाही, विजेच्या दिव्यात तार नाही, ग्रामोफोनला कर्णा नाही. आता जो पोरगा खेड्यातल्या मातीच्या घरातून निघून थेट कोळशाच्या खाणीत उतरला, त्याने टेनिसची जाळी कुठे पाहिली असणार?

१९२३ साली प्रिन्स्टनच्या कार्ल ब्रिगहॅमने या आकड्यांवर पुस्तक लिहिलं. देशवार सरासरी 'मानसिक वय' काढलेलं होतं. रशियात जन्मलेल्यांचं ११.३४ वर्षं, इटलीतल्यांचं ११.०१, आणि तळाशी पोलंड, १०.७४. म्हणजे वीस-पंचवीस वर्षांचा सशक्त पोलिश जवान, त्याची अक्कल म्हणे पावणेअकरा वर्षांच्या मुलाची. लिथुआनियन या तक्त्यात वेगळे दिसतच नाहीत. त्यांचा देश तेव्हा रशियन साम्राज्यात होता, म्हणून ते बहुतेक रशियाच्या खात्यात गेले.

पुढच्याच वर्षी, १९२४ मध्ये, अमेरिकेने स्थलांतरावर देशवार कोटा बसवला. पोलंडला वर्षाला ५,९८२ माणसं, लिथुआनियाला ३४४. महायुद्धाच्या आधी एकेका वर्षात लाखाच्या वर पोलिश माणसं येत होती, हे लक्षात घेतलं की दरवाजा किती जोरात आपटला ते कळतं. पुस्तकामुळेच कायदा झाला असं म्हणणं ही अतिशयोक्ती होईल, पण हवा तीच होती.

आता दुसरं टोक बघा. अमेरिकेच्या २००० सालच्या जनगणनेत सुमारे ९० लाख लोकांनी आपलं मूळ पोलिश सांगितलं आणि सुमारे ६ लाख ६० हजारांनी लिथुआनियन. जनगणना खात्याच्या उत्पन्नाच्या तक्त्यांत हे दोन्ही गट देशाच्या मध्यम उत्पन्नाच्या वर आहेत. आणि दोघांत लिथुआनियन थोडे पुढे.

सैन्याच्या पट्टीवर तळाला असलेले लोक तीन-चार पिढ्यांत सरासरीच्या वर कसे गेले? आणि एकाच बोटीने गेलेल्या, एकाच खाणीत राबलेल्या दोघांपैकी लिथुआनियन का पुढे सरकले? 'त्यांच्या रक्तातच आहे हो ते' हे उत्तर मी लष्करात इतक्या वेळा, इतक्या समाजांबद्दल ऐकलं आहे की त्याचा मला कंटाळा आहे. म्हणून जरा खोलात जाऊ.

सुरुवात युरोपात. १५६९ च्या लुब्लिन कराराने पोलंड आणि लिथुआनिया यांचं एक राज्य झालं. ते प्रचंड होतं आणि १७९५ पर्यंत शेजाऱ्यांनी तीन हप्त्यांत ते गिळलं. रशिया, प्रशिया, ऑस्ट्रिया. (जाता जाता: अमेरिकन क्रांतियुद्धात वेस्ट पॉइंटची तटबंदी ज्याने आखली तो तादेउश कोश्चुश्को या राज्याचाच. त्याचा जन्म झाला ते ठिकाण आज बेलारूसमध्ये आहे आणि 'आमचा' म्हणायला तीन देश तयार आहेत.) या जोडराज्यात हळूहळू पोलिश ही दरबाराची, चर्चची आणि जमीनदारांची भाषा झाली. लिथुआनियन ही शेतात राबणाऱ्या कुळांची. लिथुआनियन खेडुताला 'पोलिश' म्हटलं की मालक आठवायचा, नाहीतर पाद्री.

भाषा म्हणाल तर दोन्ही अगदी वेगळ्या. पोलिश स्लाव्ह कुळातली. लिथुआनियन बाल्टिक, आणि तिच्यातले काही शब्द ऐकून आपण चमकतो: आगीला 'उग्निस', मुलाला 'सूनुस', दाताला 'दांतिस'. अग्नी, सूनू, दंत. भाषाशास्त्रज्ञांना हे दीडशे-दोनशे वर्षांपासून ठाऊक आहे. त्यावरून 'लिथुआनियन लोक मूळचे आपलेच' असे निरोप फिरत असतात, त्यावर विश्वास ठेवू नका. भाषा चुलत बहिणी आहेत, एवढंच.

वेठबिगार गेली तीही तीन मालकांच्या तीन वेळापत्रकांनुसार. प्रशियात १८०७ पासून हळूहळू, ऑस्ट्रियात १८४८ ला, रशियात १८६१ ला, आणि रशियाच्या ताब्यातल्या पोलंडच्या गाभ्यात १८६४ ला. कुळं मोकळी झाली, पण जमीन पुरेशी मिळाली नाही. घरात पोरं जास्त आणि वावर तेवढंच. पोलिश भाषेत गाव सोडण्याला 'भाकरीसाठी जाणं' म्हणत. यात पहिले निघाले ते प्रशियाच्या ताब्यातले पोलिश. टेक्सासमधलं पान्ना मारिया हे गाव १८५४ साली वरच्या सिलेशियातून आलेल्या पोलिश लोकांनी वसवलं. प्रशियात शाळा सक्तीची होती. म्हणजे या लोकांना वाचता येत होतं, काहींच्या गाठीला चार पैसेही होते. शिकागो, मिलवॉकीत पाय रोवले ते यांनीच. रशिया आणि गॅलिशियातून नंतर आलेल्या पोलिश माणसाला तिथे आपल्या भाषेत बोलणारा दुकानदार, पाद्री, वकील, वर्तमानपत्र आयतं मिळालं.

लिथुआनियन माणसाला यातलं काहीच मिळालं नाही. १८६३ चं बंड मोडल्यावर रशियाने लिथुआनियन भाषा लॅटिन लिपीत छापायलाच बंदी घातली. ही बंदी १८६४ पासून १९०४ पर्यंत, चाळीस वर्षं चालली. आपल्या भाषेतलं प्रार्थनेचं पुस्तक बाळगणं हा गुन्हा! पुस्तकं सीमेपलीकडे पूर्व प्रशियातल्या टिल्सिटला छापली जायची आणि माणसं रात्री बर्फातून ती पाठीवर आणायची. पकडला गेला तर तुरुंग किंवा सैबेरिया. सीमेवरच्या चौक्या रात्री कशा चुकवतात हे मला थोडंफार कळतं, आणि तेही पुस्तकांसाठी केलं जातं म्हटल्यावर या लोकांना मनातल्या मनात एक सलाम ठोकतो. मुलं रशियन शाळेत जायची नाहीत. घरात आई चरख्यावर सूत काढता काढता पोराला अक्षरं शिकवायची. पेत्रास रिम्शा या शिल्पकाराने १९०६ साली नेमकं हेच शिल्प केलं आहे. यात १८६७-६८ चा दुष्काळ, आणि १८७४ पासून झारच्या सैन्यात सक्तीची सहा वर्षं. तरुण सीमा ओलांडून हॅम्बुर्ग, ब्रेमेनला पळत आणि बोटीत बसत.

या सगळ्याचा हिशेब अमेरिकेच्या सरकारी दप्तरात सापडतो. १९११ साली डिलिंगहॅम आयोगाने स्थलांतरितांवर ४१ खंडांचा अहवाल दिला. १८९९ ते १९१० या काळात आलेल्या, चौदा वर्षांवरच्या लोकांमध्ये लिहिता-वाचता न येणारे किती? पोलिश लोकांत शंभरात सुमारे ३५. लिथुआनियनांत सुमारे ४९. म्हणजे निम्मे निरक्षर! आज जो गट दोघांत पुढे आहे तो सुरुवातीला बराच मागे होता. ही गाठ ध्यानात ठेवा.

पेनसिल्व्हेनियाच्या कोळसा पट्ट्यात दोघे एकत्रच उतरले. शेनांडोआ हे तिथलं गाव, लिथुआनियन लोकांचं मोठं ठाणं. खाणीत वेल्श, इंग्लिश, आयरिश हे जुने, परवानाधारक. १८८९ च्या राज्य कायद्याप्रमाणे खाणकामगाराच्या परवान्याला दोन वर्षांचा अनुभव आणि परीक्षा लागायची. तोपर्यंत नवा माणूस हाताखालचा मजूर. कोळसा फोडायचा, डब्यात भरायचा, मजुरी मालकाने नव्हे तर परवानाधारकाने आपल्या कमाईतून द्यायची. १८९७ साली तर परदेशी मजुरामागे रोज ३ सेंट कर बसवला. तो मालकावर होता, पण कापला गेला मजुराच्या पगारातून. त्याच सप्टेंबरात संप झाला आणि १० तारखेला लॅटिमर गावाकडे निःशस्त्र चालत निघालेल्या कामगारांवर शेरीफच्या माणसांनी गोळ्या झाडल्या. १९ माणसं मेली. पोलिश, स्लोव्हाक, लिथुआनियन. खटला चालला, सगळे निर्दोष सुटले. गोळी झाडणाऱ्याला पोलिश कोण आणि लिथुआनियन कोण, हे ठाऊकही नव्हतं.

तरी आपापसात दोघांचं पटेना. सुरुवातीला चर्च एकच असायचं. पाद्री पोलिश, प्रवचन पोलिश, हिशेबाच्या वह्याही पोलिश. अलेक्सांद्रास बुर्बा हा लिथुआनियन पाद्री १८८९ साली पेनसिल्व्हेनियातल्या प्लिमथला आला आणि त्याने आपल्या लोकांना वेगळं व्हायला लावलं. शेनांडोआत लिथुआनियनांनी १८९१ साली सेंट जॉर्जचं स्वतःचं चर्च बांधलं. पोलिश लोकांच्या दोन मोठ्या संस्था १८७३ आणि १८८० मध्ये उभ्या राहिल्या होत्या, लिथुआनियनांची १८८६ मध्ये. या संस्था म्हणजे मुळात विम्याच्या भिशीसारख्या. खाणीत माणूस मेला तर बायकोला पैसे आणि प्रेताला मानाने माती. १९२० साली पोलंडने व्हिल्नियस शहर ताब्यात घेतलं तेव्हा युरोपातलं ते वैर शिकागोच्या गल्ल्यांत आलं. १९३८ पर्यंत त्या दोन देशांत राजनैतिक संबंधसुद्धा नव्हते.

शिकागो म्हटलं की अप्टन सिंक्लेअरची 'द जंगल' ही १९०६ ची कादंबरी आठवते. तिचा नायक युर्गिस रुडकस हा लिथुआनियन, कत्तलखान्यात काम करणारा. पुस्तक गाजलं, त्याच वर्षी मांस-तपासणीचा कायदा झाला. लोकांना आपल्या ताटातल्या मांसाची चिंता वाटली, ते कापणाऱ्या माणसाची फारशी नाही. कत्तलखान्याच्या मागच्या वस्तीत पोलिश आणि लिथुआनियन शेजारीशेजारी राहत आणि राहणी डिट्टो सारखी. दोन खोल्यांच्या घरात चार-पाच भाडेकरू पुरुष, त्यांचं जेवण-धुणं घरची बाई करायची. माझ्या मते या कुटुंबांची शिल्लक पडली ती या बाईमुळे. नवऱ्याची मजुरी पोटाला जायची, भाडेकरूंचे पैसे घराच्या हप्त्याला. पोरं चौदाव्या वर्षी शाळा सोडून कामाला. पगाराचं पाकीट न फोडता आईच्या हातात. ही कुटुंबं आपापल्या चर्चच्या आवारात छोट्या गृहकर्ज सोसायट्या चालवत. मिलवॉकीला तर 'पोलिश फ्लॅट' नावाची घराची एक जातच आहे: आधी लहानसं लाकडी घर बांधायचं, पैसे साठले की अख्खं घर जॅकवर उचलायचं, खाली अर्धतळघर बांधायचं, आणि ते भाड्याने द्यायचं. आपल्याकडे एक मजला बांधून वर सळया सोडून ठेवतात ना, त्याची उलटी तऱ्हा.

आणि चर्च. मिलवॉकीच्या सेंट जोसाफाटची गोष्ट सांगतो. शिकागोचं जुनं पोस्ट ऑफिस पाडायचं होतं. इथल्या पोलिश पाद्र्याने त्याचे दगड, खांब, दरवाजे सगळं विकत घेतलं, सुमारे ५०० मालडब्यांतून मिलवॉकीला आणलं आणि त्यातून घुमटाचं भलंमोठं चर्च उभारलं. १९०१ साली ते खुलं झालं. त्याचं कर्ज पुढची कित्येक वर्षं कामगार फेडत होते. बघणाऱ्याची छाती फुगते, खरं आहे. पण त्याच कामगाराचा पोरगा चौदाव्या वर्षी कारखान्यात जात होता, हेही खरं. जननिंदा पत्करून मी म्हणेन की पोलिश समाजाने पहिल्या दोन पिढ्यांत घर आणि देऊळ यांत पैसा घातला आणि पोरांच्या कॉलेजात घातला नाही. लिथुआनियनांनीही तेच केलं. मग फरक कुठे पडला?

माझ्या वाचनाप्रमाणे दोन ठिकाणी. पहिलं, आकार. डेट्रॉइटच्या पोटातलं हॅमट्रॅमिक बघा. १९१० साली वस्ती साडेतीन हजार. डॉज कंपनीचा मोटार कारखाना आला आणि १९२० साली ४८ हजारांच्या वर, बहुतेक पोलिश. नगराध्यक्ष पोलिश, पोलीस पोलिश, बेकरी पोलिश. १९३७ च्या संपानंतर युनियन पक्की झाली, पगार चांगला झाला. कॉलेजविना माणूस घर, गाडी, पेन्शन मिळवू शकत होता. मग बापाने पोराला कारखान्याच्या फाटकाशीच आणलं तर त्यात मूर्खपणा काय? त्या काळाच्या हिशेबाने तो शहाणपणाच होता. लिथुआनियन समाज मात्र असं अख्खं शहर भरण्याइतका मोठा कुठेच नव्हता. लहान समाजाला बाहेर बोलावं लागतं, बाहेर लग्नं होतात, बाहेरची नोकरी शोधावी लागते. मोठ्या समाजाची ऊब मिळते तशी त्या उबेची किंमतही मोजावी लागते. १९८० च्या जानेवारीत डॉजचा कारखाना बंद पडला. पुढच्या वर्षी जनरल मोटर्सच्या नव्या कारखान्यासाठी शेजारची 'पोलटाउन' वस्ती सरकारने ताब्यात घेतली, चार हजारांच्या वर माणसं उठवली, चर्चही पाडलं. मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये हे योग्य ठरवलं आणि २००४ मध्ये तोच निर्णय चुकीचा म्हणून फिरवला. तोवर तिथे काही उरलं नव्हतं.

दुसरं कारण जास्त वजनाचं आहे: दुसरी लाट कोणाची आली. इथे आपलं कोल्हापूर येतं.

१९४० साली सोव्हिएत रशियाने पूर्व पोलंडमधून लाखो लोकांना सैबेरियात हाकललं. पुढे त्यातले सुटलेले पुरुष जनरल आंदर्सच्या सैन्यात भरती होऊन इराणमार्गे इटलीत पोचले आणि मे १९४४ मध्ये माँते कासिनो त्यांनी घेतलं. त्याच डोंगरावर फेब्रुवारीत आपल्या चौथ्या इंडियन डिव्हिजनचं रक्त सांडलं होतं. अशाच घरांतल्या बायका-मुलांपैकी सुमारे पाच हजार कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत १९४३ ते १९४८ राहिली. शाळा, चर्च, सगळं होतं. ती गेल्यावर तिथे सिंधी निर्वासित आले, आजचं गांधीनगर. वळिवड्याच्या लोकांचं गाव आता सोव्हिएत हद्दीत गेलेलं, परत जाणार कुठे? बरेच इंग्लंडला गेले, काही अमेरिकेला. १९५० मध्ये अमेरिकेने इंग्लंडमधल्या १८ हजार पोलिश माजी सैनिकांसाठी व्हिसा राखून ठेवले.

१९४८ च्या निर्वासित कायद्याने जर्मनीतल्या छावण्यांमधून अमेरिकेत पोलिश लोक लाखाच्या वर आले आणि लिथुआनियन सुमारे ३० हजार. आकड्यात पोलिश जास्त. पण ते आधीच्या काही दशलक्षांत मिसळले, आणि त्यांच्यात बरेच जण नाझींनी वेठीला धरून नेलेले शेतमजूर, कामगार होते. लिथुआनियनांचं गणित वेगळं. १९४१ च्या जूनमध्ये सोव्हिएतांनी तिथून सुमारे १७ हजार माणसं हद्दपार केली होती, त्यांत शिक्षक, अधिकारी, वकील पुष्कळ. म्हणून १९४४ मध्ये लाल सैन्य परत येतंय म्हटल्यावर शिकलेला वर्ग पश्चिमेकडे पळाला. प्राध्यापक, डॉक्टर, इंजिनीअर, सैन्यातले अधिकारी. हे ३० हजार एका लहान समाजात येऊन पडले. पहिली काही वर्षं त्यांनीही कत्तलखान्यात आणि कारखान्यात काढली. पण घरात पुस्तकं होती आणि शनिवारची लिथुआनियन शाळा चुकवलेली चालत नव्हती. वाल्दास आदाम्कुस हे त्यांतलेच. १९४९ साली शिकागोत आले, कारखान्यात कामाला लागले, इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधून सिव्हिल इंजिनीअर झाले, अमेरिकेच्या पर्यावरण खात्यात विभागप्रमुख झाले आणि १९९८ मध्ये थेट लिथुआनियाचे राष्ट्राध्यक्ष! कोळशाच्या खाणीत उतरलेल्याच्या नातवाची ही गोष्ट नाही. पण जनगणनेच्या रकान्यात दोघे एकाच नावाखाली येतात.

तिसरी एक गोष्ट दोघांना सारखीच लाभली, आणि ती सांगितली नाही तर हिशेब खोटा होईल. १९४४ च्या जी. आय. बिलाने युद्धावरून परतलेल्या जवानाला कॉलेज आणि घरासाठी स्वस्त कर्ज दिलं. पोलिश, लिथुआनियन पोरांनी ते घेतलं आणि उपनगरांत गेले. काळ्या जवानाने तोच गणवेश घातला होता, पण त्याला बँका दारातून परत पाठवत, त्याच्या वस्त्यांवर नकाशात लाल रेघ होती. १९६६ च्या ऑगस्टमध्ये मार्टिन ल्यूथर किंग घरांच्या हक्कासाठी शिकागोच्या मार्केट पार्क वस्तीत मोर्चा घेऊन गेले. तिथे त्यांच्या डोक्यात दगड बसला. ती वस्ती मुख्यतः लिथुआनियन, शेजारी पोलिश, आयरिश. एकेकाळी ज्यांच्या अकलेचं वय पावणेअकरा ठरवलं होतं त्यांची ती नातवंडं.

लष्करात माणसं जन्मावरून निवडण्याचा रोग आपल्याकडेही होता. लॉर्ड रॉबर्ट्स १८८५ ते १८९३ सरसेनापती होते, त्यांनी 'लढाऊ जाती'चा सिद्धांत चालवला. १८९० च्या दशकात महारांची भरती बंद झाली, गोपाळ बाबा वलंगकरांनी निवेदन लिहिलं, ते वाया गेलं. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १११ महार पलटण उभी केली, १९२१ मध्ये मोडली. महार रेजिमेंट व्हायला १९४१ उजाडलं. मी स्वतः भरतीच्या मैदानावर असा पोरगा पाहिला आहे, लेखी पेपरात जेमतेम, आणि समोरच्या टेकडीचं अंतर नुसत्या नजरेने पन्नास मीटरच्या फरकाने सांगणारा. कोणत्या रकान्यात लिहायचं ते?

ब्रिगहॅमकडे परत जातो. त्याच्याच आकड्यांत एक गोष्ट होती: अमेरिकेत येऊन जितकी जास्त वर्षं झाली तितके गुण जास्त. वीस वर्षं राहिलेल्यांचे गुण तिथेच जन्मलेल्यांच्या जवळपास. कुणीही म्हणेल, चाचणी भाषा आणि ओळख मोजते आहे. त्याने म्हटलं, पूर्वी चांगले लोक येत होते, आता हलके येतात. १९३० साली मात्र त्याने आपलं पुस्तक निराधार होतं हे छापून मान्य केलं. कोटा तसाच राहिला, तो १९६५ पर्यंत.

आजच्या आकड्यांकडेही त्याच डोळ्यांनी बघायला हवं. वंशमूळाचा प्रश्न अमेरिकेच्या जनगणनेत १९८० पासून आला आणि उत्तर माणूस स्वतः लिहितो. 'लिथुआनियन' लिहिणाऱ्यांत काही ज्यू कुटुंबांची नातवंडं आहेत, 'पोलिश' लिहिणाऱ्यांतही. त्यांचा इतिहास, व्यवसाय, शिक्षण सगळं वेगळं. आजी लिथुआनियन आणि बाकी तिघे आयरिश-जर्मन, तोही यात. आणि राहतो कुठे यावर फार अवलंबून. खाणी संपल्या. १९५९ च्या जानेवारीत पिट्स्टनजवळ सस्क्वेहाना नदी फुटून नॉक्स खाणीत घुसली, १२ माणसं गेली आणि त्या भागातली खोल खाणकामं जवळजवळ थांबली. १९१० साली शेनांडोआत २५ हजार लोक होते, २०१० मध्ये पाच हजारांच्या आसपास. मागे राहिले ते म्हातारे आणि पेन्शनवाले. शिकागोच्या लेमाँट उपनगरात लिथुआनियन वर्ल्ड सेंटर आहे: शाळा, हॉल, मैदान, बाहेर गाड्यांची रांग. या दोन ठिकाणच्या लिथुआनियनांमधलं अंतर हे पोलिश आणि लिथुआनियन यांच्या सरासरीतल्या अंतराच्या कितीतरी पट आहे.

शेनांडोआतलं सेंट जॉर्ज चर्च २०१० मध्ये पाडलं. पिएरोगी, म्हणजे बटाटा-चीज भरलेल्या पोलिश करंज्या, गोठवून देशभर विकणारा एक कारखाना १९५२ पासून गावात आहे, तो चालू आहे. गावात आता स्पॅनिश बोलणारी कुटुंबं राहायला आली आहेत.

जय हिंद.